फुकट शिकायला मिळतंय, वर पैसे कशाला?

तुमचा प्रश्न असा आहे: "अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंना आता स्कॉलरशिपच्या वर पैसेही द्यायला लागलेत म्हणे. माझा भाचा पोहण्याच्या जोरावर तिकडे फुकट शिकतोय. लाखोंचं शिक्षण फुकट मिळत असताना आणखी मागणं हे जरा अती नाही का?"

माझ्या मते अजिबात अती नाही. आणि हे मी तिथल्या खेळांच्या प्रेमापोटी म्हणत नाही. त्यांच्या फुटबॉलचे, म्हणजे त्या हातात चेंडू घेऊन धावायच्या धसमुसळ्या खेळाचे, नियम मला आजही धड कळत नाहीत. पण ती मुलं मी दोन वर्षं अगदी जवळून पाहिली आहेत.

२०१२ ते २०१४ मी दक्षिणेकडच्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात संख्याशास्त्रात एम.एस. करत होते. खर्चाला हातभार म्हणून खेळाडूंची शिकवणी घ्यायचे, तासाला ११ डॉलर. त्यांच्या अभ्यासासाठी वेगळी इमारत होती, गालिचे, नवे कोरे कॉम्प्युटर, भिंतीवर जुन्या विजयांचे भलेमोठे फोटो. माझ्याकडे रात्री आठच्या सुमाराला एक मुलगा यायचा. फुटबॉल संघातला, पुढच्या फळीतला, म्हणजे ज्याचं काम फक्त समोरच्याला अडवून धरणं. एकशेतीस किलोचा. गुडघ्याला प्लास्टिकच्या पट्टीने बर्फाची पिशवी बांधलेली आणि तिचं पाणी गालिच्यावर ठिबकतंय, अशा थाटात तो प्रमाण विचलन शिकायचा. सकाळी साडेपाचला व्यायामशाळेत हजेरी लागलेली असायची. निम्म्या वेळा गणिताच्या मध्येच त्याचा डोळा लागायचा. मी उठवायचे नाही.

२०१३ च्या दिवाळीत आईने कराडहून फराळ पाठवला. शंकरपाळ्यांचा चुरा झाला होता, पण बेसनाचे लाडू शाबूत होते. डबा टेबलावर होता. तो बघत होता. खानावळ बंद झाली होती आणि त्याच्या पोटातला आवाज मला टेबलापलीकडे ऐकू येत होता. मी डबा पुढे केला. त्याने हात पुढे केला आणि एकदम मागे घेतला, कारण आमच्या पर्यवेक्षक बाई दारात उभ्या होत्या. बाई चांगल्या होत्या, आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, की हा "अतिरिक्त लाभ" होतो, खेळाडू म्हणून मिळालेली भेट. याची नोंद करावी लागेल आणि याच्या खेळण्यावर बंदी येऊ शकते. डबा पिशवीत ठेव.

लाडू! मला वाटलं थट्टा चाललीय. नंतर नियम वाचले तेव्हा कळलं की थट्टा नव्हती. कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या तेव्हाच्या नियमानुसार खेळाडूला मधल्या वेळी खायला बेगल, म्हणजे तो मधे भोक असलेला पाव, द्यायला हरकत नव्हती. पण त्यावर क्रीम चीज फासलं की ते "जेवण" ठरायचं आणि नियमभंग व्हायचा. २०१४ च्या वसंतात बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकणाऱ्या कनेटिकट संघातला शबाझ नेपियर पत्रकारांना म्हणाला की काही रात्री आपण उपाशी झोपतो. देशभर बोंब झाली आणि त्याच एप्रिलमध्ये खाण्यावरची बंधनं उठली. इतकी वर्षं जे तत्त्व म्हणून सांगितलं जात होतं, ते काही दिवसांत गळून पडलं.

आता तासांचं बघा. माझा विद्यार्थी व्हिसा, त्यामुळे सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर काम करायला मला कायद्याने बंदी. खेळाडूंनाही एनसीएएची मर्यादा २० तासांचीच. माझे २० तास मिनिटाच्या हिशेबाने मोजले जायचे आणि त्यांचे पैसे मिळायचे. त्याचे २० कागदावरचे. सामन्याचा अख्खा दिवस, मग पहाटे उठून बसमध्ये बसा की मध्यरात्री परत या, हिशेबात तीन तास. "ऐच्छिक" व्यायाम शून्य तास, आणि तो ऐच्छिक व्यायाम चुकवला तर पुढच्या सामन्यात बाकावर. २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी कामगार संघटना काढायचा प्रयत्न केला, तेव्हा कामगार मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याने तपासून लिहिलं की हंगामात ही मुलं आठवड्याला ४० ते ५० तास खेळाला देतात आणि ऑगस्टच्या सराव शिबिरात ५० ते ६०. त्याने त्यांना कामगार ठरवलं. पुढल्या वर्षी वरच्या मंडळाने या प्रकरणात पडायचंच नाकारलं, आणि ते बारगळलं.

"पण शिक्षण मिळतं ना," हा तुमचा मुख्य मुद्दा. शिक्षण मिळतं, पण कसं मिळतं ते मी पाहिलंय. प्रयोगशाळेचे तास दुपारी असतात आणि दुपारी सराव, म्हणून माझ्या विद्यार्थ्याला हवा होता तो विषय घेता आला नाही. ज्याचं वेळापत्रक सरावाला आड येत नाही तो विषय घे, असं त्याला सुचवलं गेलं. हे सौम्य उदाहरण. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात तर १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं नुसते कागदावरचे वर्ग चालले होते. ना तास, ना शिक्षक. एक निबंध द्यायचा आणि गुण घ्यायचे. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार ३,१०० हून जास्त विद्यार्थ्यांनी ते घेतले आणि त्यातले जवळपास निम्मे खेळाडू होते. मोबदला म्हणून शिक्षण देतो म्हणणाऱ्यांनी निदान मापात तरी पाप करू नये.

माझ्या आजोळी सालगडी असायचा. पाडव्याला बोली व्हायची, पुढच्या पाडव्यापर्यंत इतकी पोती धान्य, कपड्यांचे जोड, थोडी रोकड. या स्कॉलरशिपची माहिती वाचताना मला राहून राहून तोच आठवायचा, कारण १९७३ पासून २०१२ पर्यंत एनसीएएने कॉलेजांना एका वेळी एकाच वर्षाची स्कॉलरशिप देऊ दिली. प्रशिक्षकाला मूल आवडेनासं झालं की पुढच्या वर्षी नूतनीकरण नाही. फरक एवढाच की सालगडी पाडव्याला शेजारच्या वाड्यात जाऊन दोन पोती जास्त मागू शकायचा. इथे देशातल्या सगळ्या वाड्यांनी एकत्र बसून ठरवलेलं की कुणीही ठरल्याहून जास्त द्यायचं नाही. वर, फुटबॉल-बास्केटबॉलवाल्याने वाडा बदलला तर साधारणपणे एक वर्ष खेळायचं नाही. ही अट २०२१ पर्यंत होती.

माझा सगळा मुद्दा या संगनमताचा आहे. स्कॉलरशिप हा पगारच होता. तो पुरेसा होता की नव्हता हे मला किंवा तुम्हाला ठरवायचं कारणच नाही. बाकी सगळ्या जगात ते देणारा आणि घेणारा मिळून ठरवतात. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएच्या विरोधात ९-० निकाल दिला. तो निकाल शिक्षणाशी निगडित लाभांपुरताच होता, पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र मत लिहून सरळ म्हटलं की कामगारांना वाजवी दर द्यायचा नाही असं आपसात ठरवून मोकळं होणं अमेरिकेत दुसऱ्या कुठल्याही धंद्याला चालू दिलं जात नाही.

"विद्यार्थी-खेळाडू" हा गोड शब्द आला कुठून तेही ऐका. १९५५ मध्ये कोलोरॅडोत रे डेनिसन नावाचा फुटबॉलपटू कॉलेजच्या सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या बायकोने कामगार नुकसानभरपाई मागितली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, का तर कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही. त्या दशकात एनसीएएने हा शब्द रुजवला तो अशाच दाव्यांना तोंड देता यावं म्हणून. संघटनेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच निवृत्तीनंतर हे लिहून ठेवलं. १९७४ मध्ये केंट वॉल्ड्रेप टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाकडून खेळताना मानेखाली लुळा पडला. तो कामगार नव्हता असा निकाल २००० साली लागला. जखमी खेळाडूच्या उपचारांचा खर्च बाहेर पडल्यावरही किमान दोन वर्षं कॉलेजने उचलावा, ही सक्ती एनसीएएने वरच्या श्रेणीतल्या कॉलेजांवर कधी केली? ऑगस्ट २०२४ मध्ये. मला विचाराल तर पैशांच्या आधी हे यायला हवं होतं.

धंदा नाही म्हणता, तर आकडे बघा. मार्चमधल्या पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेचे टीव्ही हक्क वर्षाला शंभर कोटी डॉलरच्या वर जातात. टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये फुटबॉल प्रशिक्षक जिंबो फिशर यांना काढलं, तेव्हा करारापोटी त्यांना साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागलं. काम न करण्याचे पैसे! आणि मग हिशेब दाखवतात की क्रीडाविभाग तोट्यात आहे. तोट्यात असतीलही बरेचसे, पण जो खर्च मजुरीवर होऊ शकत नाही तो प्रशिक्षकांवर आणि संगमरवरी लॉकर रूमवर होतो, त्यातून तोटा निघाला तर नवल काय?

आता सध्याची स्थिती, कारण तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एक झाल्यात. १ जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःचं नाव आणि चेहरा विकायला परवानगी मिळाली: जाहिरात करा, सह्या विका. हे पैसे बाहेरचे, कॉलेजचे नव्हेत. दुसरी गोष्ट ६ जून २०२५ ची. न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी एनसीएएविरुद्धच्या 'हाउस' नावाच्या खटल्यातली तडजोड मंजूर केली, आणि १ जुलै २०२५ पासून कॉलेज स्वतःच्या उत्पन्नातून थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेजमागे साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. मला दुसरी पद्धत जास्त पटते. आमच्या कॉलेजच्या दुकानात क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, नंबराची जर्सी टांगलेली असायची, नाव नसलेली. नाव छापलं तर त्याचा वाटा द्यायचा प्रश्न आला असता. नाव विकायची मुभा आली की फायदा त्याचाच. त्याला जमीनदोस्त होण्यापासून वाचवणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याचा नंबर कोण विकत घेणार? त्याला काही मिळायचं तर ते कॉलेजच्या गल्ल्यातूनच.

यात खोट नाही असं नाही. अनेक मोठी विद्यापीठं त्या रकमेतला तीन चतुर्थांशाच्या आसपास वाटा फुटबॉलला देतायत आणि मुलींच्या वाट्याला चिमूटभर येतं. १९७२ च्या समान संधीच्या कायद्यात ते बसतं का यावर पुन्हा कोर्टबाजी चालू आहे. पोहणं, कुस्ती, टेनिस हे खेळ फुटबॉलच्या कमाईवर जगतात, आणि तो पैसा आटला तर पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडेल ही भीती खरी आहे. तिथे माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एवढं वाटतं की तरणतलावाचा खर्च गुडघ्याला बर्फ बांधलेल्या पोराच्या न दिलेल्या मजुरीतून काढणं ही काही तोड नव्हे.

आणि तुमचा भाचा. त्याला एकदा विचारा की नक्की किती फुकट आहे. मुलांच्या पोहण्याच्या संघाला परवापरवापर्यंत जास्तीत जास्त ९.९ स्कॉलरशिप द्यायला परवानगी होती. हो, दशांश चिन्हासकट. पंचवीस-तीस जणांच्या संघात त्या वाटायच्या, म्हणजे बहुतेकांना तुकडा. तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना ती मर्यादा आता नाही, संघात किती मुलं असावीत यावर आहे. पण तो भारतीय नागरिक असेल तर विद्यार्थी व्हिसावर असणार, आणि जाहिरातीचे पैसे अमेरिकेत राहून कमवणं त्याला धोक्याचं आहे. काँगोहून आलेला केंटकीचा ऑस्कर शिब्वे २०२२ मध्ये देशातला सर्वोत्तम बास्केटबॉलपटू ठरला होता; जाहिरातींची कामं उरकायला त्याने संघाचा बहामाचा दौरा गाठला, कारण ती जमीन अमेरिकेची नव्हती. आपल्या ऋतुजा भोसलेही टेक्सास ए अँड एमकडून टेनिस खेळल्या, पण ते यातलं काहीच नव्हतं तेव्हा. भाच्याला कुणी "एक छोटी रील कर, पाचशे डॉलर देतो" म्हणालं, तर आधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात जाऊन विचारायला सांगा. पाचशे डॉलरपायी व्हिसा जायचा.

माझ्या त्या विद्यार्थ्याचा गुडघा शेवटच्या वर्षी गेला. पदवीला तीन विषय बाकी असताना तो घरी गेला. हाउसच्या तडजोडीत जुन्या खेळाडूंसाठी सुमारे २८० कोटी डॉलर ठेवलेत, पण जून २०१६ नंतर खेळलेल्यांसाठी. तो त्याच्या आधीचा. गेल्या हिवाळ्यात त्याचा मेसेज आला. एका गोदामात रात्रपाळी करतो, दोन मुलं आहेत, आणि राहिलेले विषय ऑनलाइन पुरे करतोय, फी स्वतः भरून. त्यातला एक संख्याशास्त्र आहे. रविवारी सकाळी आम्ही तासभर फोनवर बसतो. परवा विचारत होता, नमुन्याचं प्रमाण विचलन काढताना 'एन'ने का नाही भागायचं, एकाने कमी करून का.