देणाऱ्यांचा देश आणि परवानगीची चौकट

प्रश्न : फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात तुर्कस्तानातील असंख्य सामान्य माणसे स्वतःहून मदतीला धावून गेल्याचे वाचले होते. त्याच देशात सामाजिक कार्यकर्त्यांना तुरुंगात टाकले जाते, असेही वाचनात येते. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा? तिथल्या जीवनात स्वयंसेवी संस्थांचे स्थान नेमके काय आहे?

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि माझ्या मते त्या परस्परविरोधी नाहीत. दुसऱ्यासाठी पदरमोड करण्याची सवय तुर्की समाजात फार खोलवर रुजलेली आहे. परंतु लोकांनी कशासाठी एकत्र यावे आणि कोणत्या कामासाठी पैसा जमवावा, हे ठरवण्याचा अधिकार मात्र तिथल्या जवळजवळ प्रत्येक राजवटीने आपल्या हाती ठेवला आहे.

या सवयीचे रोजचे रूप पाहायचे असेल तर तिथल्या बेकरीत पाहावे. गिऱ्हाईक दोन पावांचे पैसे देते, एकच पाव घेऊन जाते आणि दुसरा ‘टांगून ठेवायला’ सांगते. दिवसभरात ज्याला गरज असेल तो येऊन विचारतो आणि टांगलेला पाव घेऊन जातो. देणाऱ्याला घेणारा दिसत नाही आणि घेणाऱ्याला कोणापुढे मिंधे व्हावे लागत नाही. या व्यवहारामागे कोणतीही नोंदणीकृत संस्था नाही, आणि म्हणूनच तुर्की स्वयंसेवेचा आवाका केवळ संस्था मोजून कळत नाही.

नोंदणीकृत संघटनाही थोड्याथोडक्या नाहीत. त्यांची संख्या लाखाच्या घरात आहे. मात्र त्यांतल्या बहुसंख्य संघटना क्रीडा, धार्मिक सेवा, व्यवसायबंधूंची एकजूट किंवा एकाच गावच्या लोकांचा परस्पर आधार अशा कामांत गुंतलेल्या असतात. अनातोलियातून, म्हणजे देशाच्या आशियाई भागातून, विशेषतः सिवास किंवा कास्तामोनूसारख्या प्रांतांतून, इस्तंबूलला आलेल्या माणसाला काम मिळवून देणे, मुलांच्या शिष्यवृत्तीची सोय पाहणे, कोणी वारल्यास पार्थिव गावी पोहोचवणे अशी कामे या गावकरी संघटना करतात. निवडणूक जवळ आली की उमेदवार त्यांच्या चहापानाला आवर्जून हजेरी लावतात. हक्क, पर्यावरण किंवा स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी झगडणाऱ्या संघटना यांच्या तुलनेत थोड्या आहेत, आणि सरकारशी खटके उडतात ते मुख्यतः त्यांचेच.

१२ सप्टेंबर १९८० च्या लष्करी उठावानंतर असंख्य संघटना बंद पाडण्यात आल्या आणि १९८३ च्या कायद्याने उरलेल्यांवर कडक बंधने घातली. तरीही त्याच दशकात नवी नागरी चळवळ उभी राहिली, याचे मोठे श्रेय मी तिथल्या स्त्रियांना देतो. मे १९८७ मध्ये त्यांनी इस्तंबूलच्या काडिक्योय भागात घरगुती मारहाणीविरुद्ध मोर्चा काढला आणि १९९० मध्ये त्याच प्रवाहातून ‘मोर चाती’, म्हणजे ‘जांभळे छप्पर’, हे अत्याचारग्रस्त स्त्रियांना आसरा देणारे प्रतिष्ठान निघाले. कुष्ठरोग्यांवर आयुष्यभर उपचार करणाऱ्या डॉ. तुर्कान सायलान यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने मुलींच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांचे प्रचंड काम उभे केले. एप्रिल २००९ मध्ये, त्या कर्करोगाशी झुंजत असताना, एका कथित कटाच्या तपासात पोलिसांनी त्यांच्या घराची झडती घेतली आणि पुढच्याच महिन्यात त्या गेल्या. इतके लोकमान्य, इतके निरुपद्रवी काम करणारी व्यक्तीही संशयाच्या फेऱ्यातून सुटत नाही, हे पाहून आजही मन विषण्ण होते.

समाजाची खरी ताकद १७ ऑगस्ट १९९९ च्या मारमारा भूकंपात दिसली. अधिकृत आकड्यांनुसारही सतरा हजारांहून अधिक माणसे दगावली. सरकारी यंत्रणा चाचपडत असताना गिर्यारोहकांनी १९९६ मध्ये स्थापन केलेले ‘आकुत’ हे शोध-बचाव पथक ढिगाऱ्यांखालून माणसे बाहेर काढत होते. पुढे युरोपीय संघात प्रवेश मिळवण्याच्या प्रयत्नांच्या काळात, २००४ मध्ये, संघटनांविषयीचा नवा आणि बराच मोकळा कायदा आला. तो काही वर्षांचा काळ तुर्की नागरी समाजाला सर्वांत अनुकूल होता, असे मला वाटते.

जुलै २०१६ च्या फसलेल्या लष्करी बंडानंतर वारे फिरले. आणीबाणीच्या हुकुमांनी हजाराहून अधिक संघटना आणि प्रतिष्ठाने बंद करण्यात आली. सांस्कृतिक संवादासाठी काम करणारे ओस्मान कावाला यांना ऑक्टोबर २०१७ मध्ये अटक झाली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१९ मध्ये त्यांच्या सुटकेचा निर्णय देऊनही एप्रिल २०२२ मध्ये त्यांना जन्मठेप सुनावण्यात आली. कोठडीतून बेपत्ता झालेल्या मुलांचे फोटो हाती धरून मे १९९५ पासून इस्तंबूलच्या गलतासराय चौकात मूकपणे बसणाऱ्या ‘शनिवारच्या आयां’ना ऑगस्ट २०१८ मध्ये, त्यांच्या ७०० व्या बैठकीच्या दिवशी, पोलिसांनी बळाने हटवले.

२०२३ च्या भूकंपाकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. तुर्कस्तानात पन्नास हजारांहून अधिक बळी घेणाऱ्या त्या आपत्तीत रॉक गायक हालुक लेवेन्त यांच्या ‘आहबाप’ या संस्थेकडे लोकांनी देणग्यांचा ओघ वळवला, कारण सरकारी मार्गापेक्षा तिच्यावर त्यांचा अधिक विश्वास होता. काही आठवड्यांनी उघड झाले की, १८६८ पासून परंपरा सांगणाऱ्या ‘कझलाय’ने, म्हणजे तुर्की रेड क्रेसेंटने, भूकंपानंतरच्या पहिल्याच दिवसांत आपल्या कंपनीमार्फत याच ‘आहबाप’ला दोन हजारांवर तंबू सुमारे ४ कोटी ६० लाख लिरांना विकले होते. माणसे कडाक्याच्या थंडीत उघड्यावर असताना मदतसंस्थेने तंबू विकावेत, याचा लोकांना संताप आला आणि तो मला सर्वस्वी रास्त वाटतो. मे महिन्यात ‘कझलाय’च्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. तो ज्यांच्यामुळे द्यावा लागला, ते देणगीदार आणि हिशेब विचारणारे नागरिक वेगवेगळे नव्हते. म्हणूनच मदत करणाऱ्या संस्था चांगल्या आणि हक्क मागणाऱ्या संशयास्पद, ही सरकारी विभागणी मला मुळातच चुकीची वाटते.

प्रश्न : जुन्या वक्फांचे, म्हणजे धर्मादाय कामासाठी कायमच्या दान केलेल्या मालमत्तांचे, पुढे काय झाले?

उत्तर : ऑटोमन काळात रुग्णालये, शाळा, पाणपोया, अन्नछत्रे यांचा खर्च वक्फांच्या उत्पन्नातून भागत असे, इस्तंबूलमध्ये १५५७ मध्ये पूर्ण झालेल्या सुलेमानिये मशिदीभोवतीचा असा सारा व्याप आजही पाहता येतो. १९२४ मध्ये प्रजासत्ताकाने वक्फांचे मंत्रालय बरखास्त करून त्यांचा कारभार सरकारी महासंचालनालयाकडे सोपवला. आज नव्याने स्थापन होणारी प्रतिष्ठाने नागरी कायद्याखाली येतात आणि त्यांचे उद्दिष्ट धार्मिक असावे, अशी अट नसते. जमिनीची धूप रोखण्यासाठी १९९२ मध्ये स्थापन झालेली ‘तेमा’ ही त्यांतली सर्वांत परिचित असावी.

प्रश्न : तिथे सामान्य नागरिकाला संस्था काढता येते का?

उत्तर : येते. राज्यघटनेच्या ३३ व्या कलमाने तो हक्क दिला आहे आणि सात जण एकत्र आले की संघटना स्थापन होऊ शकते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. वर्गणीविषयीच्या १९८३ च्याच एका वेगळ्या कायद्यानुसार जनतेकडून वर्गणी गोळा करायची तर प्रशासनाची पूर्वपरवानगी लागते, आणि तीतून सूट मिळालेल्या संस्था मोजक्याच आहेत. डिसेंबर २०२० च्या कायद्याने तर दहशतवादाशी संबंधित आरोपांवरून खटला चालू असलेल्या पदाधिकाऱ्याला, न्यायालयाचा निकाल लागण्यापूर्वीच, तात्पुरते पदावरून दूर करण्याचा अधिकार गृहमंत्र्यांना दिला. तुर्कस्तानात असे आरोप किती सैलपणे ठेवले जातात, हे लक्षात घेतले तर छोट्या संस्थेत पदाधिकारी व्हायला माणसे का कचरतात, ते कळते.