पॅकर्स-मूव्हर्सना टोकन देण्याआधी काय बघावं?

प्रश्न: पुण्याहून बेंगळुरूला 2 बीएचकेचं सामान हलवायचंय. एका पॅकर्सवाल्याने फोनवरच 14,000 सांगितले आणि तारीख पक्की करायला आजच 5,000 गूगल पे करा म्हणतोय. देऊ का?

उत्तर: आज देऊ नका. सामान न बघता सांगितलेल्या भावाला काही अर्थ नसतो. त्याला घरी बोलवा, नाहीतर व्हिडिओ कॉलवर माळा आणि बाल्कनीसकट सगळं दाखवा. मग वस्तूंची यादी जोडलेलं कोटेशन लेखी मागा. पॅकिंग, चढवणी-उतरवणी, जिना, टोल आणि जीएसटी त्यात धरलेत का, हेही लिहून घ्या. यादी नसली की ‘सामान जास्त निघालं’ म्हणायला त्याला वाव मिळतो.

बुडालेलं टोकन हे त्यातल्या त्यात लहान नुकसान. टोकन दिलं की तुम्ही दुसरीकडे चौकशी थांबवता, घर सोडायची तारीख जवळ येते आणि सामान ट्रकमध्ये चढल्यावर भाव वाढतो. तेव्हा तुमच्या हातात काहीच उरत नाही.

जीएसटी नंबर मागा. तो 15 अक्षरांचा असतो: पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र 27, कर्नाटक 29), पुढची दहा अक्षरं पॅनची. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करताही तो शोधता येतो. नोंदणीची तारीख आणि ती चालू आहे की रद्द, हे बघा. वीस वर्षांचा अनुभव सांगणाऱ्याची नोंदणी चार महिन्यांपूर्वीची निघाली, तर खुलासा मागा. नंबर दुसऱ्याच फर्मचा चिकटवलेलाही असू शकतो, म्हणून पिन टाकण्याआधी यूपीआयवर दिसणारं नाव पोर्टलवरच्या नावाशी जुळवा. एकमालकी फर्म असेल तर पोर्टलवर मालकाचंच नाव दिसतं, तेव्हा व्यक्तीचं नाव आलं म्हणून लगेच घाबरू नका. पण तिसऱ्याच माणसाचं नाव आलं तर थांबा.

माझ्या मते टोकन दहा टक्क्यांच्या वर नको आणि त्याची पावती हवीच. सामान चढल्यावर निम्म्यापर्यंत द्या. बाकी रक्कम उतरवून, खोकी मोजून झाल्यावर. ‘गाडी निघण्याआधी सगळे पैसे’ ही अट मान्य करू नका.

ट्रक हलण्याआधी बिल्टी, म्हणजे वाहतूकदाराची माल ताब्यात घेतल्याची पावती (एलआर, लॉरी रिसीट), हातात घ्या. तिच्यावर गाडीचा नंबर, खोक्यांची संख्या आणि ठरलेलं भाडं हवं. ‘ओनर्स रिस्क’ छापलेलं असेल तर नुकसानीची जबाबदारी तो तुमच्यावर ढकलू बघतोय. विम्याचे पैसे घेत असेल तर विमा कंपनीचं तुमच्या नावाचं सर्टिफिकेट मागा. बऱ्याचदा बिलात नुसती एफओव्हीची (फ्रेट ऑन व्हॅल्यू, म्हणजे मालाच्या किमतीवर लावलेला आकार) ओळ लावून ‘इन्शुरन्स’ म्हणतात, पॉलिसी कुठेच नसते.

वाटेत ‘ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी जीएसटीत काढायचा ऑनलाइन कागद) नाही म्हणून दंड पडला’ असा फोन आला तर पैसे पाठवू नका. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागतच नाही.

पैसे घेऊन फोन बंद केला तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. सामान अडवून ठेवलं तर बिल्टी आणि कोटेशन घेऊन पोलीस ठाण्यात जा. ताब्यात दिलेला माल वाहतूकदाराने गिळंकृत करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316(3) खाली गुन्हा आहे. मोडतोड झाली असेल तर पोहोच देतानाच कागदावर लिहा आणि बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवा. नोटीस न देता वाहतूकदारावर भरपाईचा दावा लावता येत नाही.