विहीर समुद्रात गेली तेव्हा

"मॅडम, गटात आम्ही चौघं, राबते मी एकटी. गुण मात्र सगळ्यांना सारखेच. सरांना सांगू?"

सत्र संपत आलं की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. या खेपेला तो घेऊन आली गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून रोज कदंबच्या बसने ये-जा करणारी एक मुलगी. (तिला विचारूनच लिहितेय, ओळखीच्या खुणा बदलल्यात.) एमएस्सीला अवकाशीय सांख्यिकीचा, म्हणजे जागेगणिक बदलणाऱ्या आकड्यांच्या गणिताचा, गटप्रकल्प होता. डिचोली तालुक्यातल्या विहिरींची पाणीपातळी मोजायची आणि त्यावरून मधल्या रिकाम्या जागांचा अंदाज क्रिगिंग नावाच्या रीतीने काढायचा. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींवर काम केलेल्या डॅनी क्रिगच्या नावाची ही रीत. खाणींच्या तालुक्याला खाणवाल्याचंच गणित!

तिने लॅपटॉप उघडला. "ह्याचं काम बघा." एका मुलाने अक्षांश-रेखांशांची अदलाबदल केली होती. 15.6 च्या जागी 73.9. डिचोलीची विहीर थेट नॉर्वेच्या उत्तरेला, समुद्रात.

"मग काय केलंस?"

"रात्री बसून सगळं नीट केलं."

"त्याला सांगितलंस?"

ती गप्प. म्हणजे त्याच्या लेखी त्याचं काम चोख झालं होतं.

मी तिला रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याचे दोर ओढण्याचे प्रयोग सांगितले. 1913 साली छापून आलेले. आठ जण मिळून ओढायला लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढताना असतो त्याच्या निम्म्यावर येतो. "म्हणजे आळशीच ना सगळे!" ती लगेच म्हणाली. तसं नव्हे. थोडा जोर ताळमेळ नसल्यानेही वाया जातो. आणि पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं, की कुणी किती जोर लावला ते वेगळं कळत असेल तर ढिलाई कमी होते. इथे तर सगळी फाइल हिच्याच लॅपटॉपमध्ये. बाकीच्यांच्या हाती दोराचं टोकसुद्धा नव्हतं.

एका बाबतीत मात्र तिचं शंभर टक्के खरं होतं. मुलांनी रस्त्याकडेच्या विहिरी तेवढ्या मोजल्या होत्या. अंदाज कुठे किती चुकू शकतो याचा नकाशा तिने दाखवला. रस्ता सोडला की सगळा लालभडक. मी म्हटलं, तक्रारींची यादी राहू दे, हा नकाशा घेऊन बस त्यांच्यासोबत. आणि अहवालात कुणी काय केलं याचं एक पान जोडू का, हे सरांना चौघं मिळून विचारा. एवढं करून हलले नाहीत, तर सरांकडे जरूर जा. त्यात चहाडी कसली?

दहा दिवसांनी आली. नकाशा बघून तोच मुलगा म्हणाला होता, "मयेला माझी मावशी असते, जाता गो, करतां." स्कूटर काढून गेला, सहा विहिरी मोजून आला. त्यांतली एक पुन्हा उलटी टाकली.

"तू केलीस नीट?"

"नाही. रात्री अकरा वाजता त्याला मेसेज टाकला, 'तुझी विहीर परत नॉर्वेला गेलीय रे.'"

सकाळी उठली तर विहीर मयेत होती.