बंदिस्त की गोलाकार?

प्रश्न असा आला: २०१८ साली एनजीसी १०५२-डीएफ२ या दीर्घिकेतल्या (गॅलेक्सीतल्या) दहा 'ग्लोब्युलर क्लस्टर'चे, म्हणजे लाखो ताऱ्यांच्या दाट, गोल पुंजक्यांचे, वेग मोजून, तिथे कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य) जवळपास नाहीच, असा दावा झाला होता. या क्लस्टरना मराठीत कुणी 'बंदिस्त तारकागुच्छ' म्हणतं, कुणी 'गोलाकार तारकागुच्छ'. बरोबर काय?

(त्या दाव्यावर पुढे दीर्घिकेच्या अंतरावरून बरीच जुंपली. तो वाद इथे नको.)

'बंदिस्त' हा शब्द 'खुल्या', म्हणजे विरळ, तारकागुच्छाशी जोडी जमवायला आला असावा. कृत्तिका खुला, तर ओमेगा सेंटॉरी बंदिस्त. कानाला बरं वाटतं. पण मराठीत बंदिस्त म्हटलं की भिंत आली, झाकण आलं: बंदिस्त गटार, बंदिस्त नाट्यगृह, बंदिस्त शेळीपालन. इथे लाखो तारे नुसत्या एकमेकांच्या गुरुत्वाकर्षणाने धरलेले असतात, आणि कडेचे निसटतातही. आपल्याच आकाशगंगेतला पालोमार ५ हा असाच गुच्छ घ्या. आकाशगंगेच्या ओढीने त्यातले तारे गळत गेले आणि गुच्छाच्या पुढे-मागे दोन लांब शेपट्या तयार झाल्या. स्लोन या आकाश-सर्वेक्षणाच्या निरीक्षणांत त्या सापडल्या, २००१ मध्ये. शेपटी कशी वळते, कुठे विरळ होते, यावरून आकाशगंगेतलं न दिसणारं द्रव्य कसं पसरलंय याचा अंदाज बांधतात. म्हणजे ज्याची गळतीच कामाची, त्यालाच आपण बंदिस्त म्हणतोय!

'गोलाकार'मध्येही खोट आहेच. टेबल गोलाकार, रांगोळीही गोलाकार. भूमितीच्या तासाला वर्तुळ वेगळं आणि गोल वेगळा. तास सुटला की सगळंच गोल. १७८९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने 'ग्लोब्युलर' म्हटलं तेव्हा त्याच्या मनात चेंडू होता, ताट नव्हे. 'गोलीय' नेमका आहे, पण तो बोलताना कुणाच्या तोंडी बसेल असं वाटत नाही. मे महिन्यात रात्री नऊ-दहाला कोकणातून दक्षिणेला, क्षितिजापासून थोडं वर, छोट्या दुर्बिणीतून ओमेगा सेंटॉरी पाहा. कापसाचा पुसट बोळा दिसतो. तो चेंडू की चकती, हे डोळ्यांना कळत नाही.

तरी मी 'गोलाकार तारकागुच्छ'च लिहितो. पहिल्यांदा येतो तिथे 'बुंदीच्या लाडवासारखा, फक्त मध्ये जास्त दाट' एवढं जोडतो. लाडवाचीही कडेची बुंदी गळतेच.