मणक्याच्या ऑपरेशननंतर टॅबवरची माहिती: पुस्तिकेची पीडीएफ पुरेल का?

तुमचा प्रश्न असा, की कमरेच्या गादीच्या (दोन मणक्यांमधल्या चकतीच्या) ऑपरेशननंतर रुग्णाला देतो तीच पुस्तिका टॅबवर चढवली आणि शेवटी पाच प्रश्नांची चाचणी ठेवली, तर भागेल का? नाही भागणार. पुस्तिका वाचूनही माणूस पलंगावर ताडकन उठून बसतो. टॅबवर वाचून वेगळं काय करणार?

आधी लांबी बघा. 'सलग 20-30 मिनिटांपेक्षा जास्त बसू नका' हे सांगायला 40 मिनिटांचा कार्यक्रम, आणि तो रुग्ण बघतो मांडीवर टॅब घेऊन, कंबर वाकवून! क्लिप दोन-तीन मिनिटांची ठेवा. दोन क्लिप झाल्या की पडद्याने स्वतःच थांबावं आणि चार पावलं चालून यायला सांगावं. टॅब डोळ्यांच्या उंचीवर, स्टँडवर हवा. ऑटो-रोटेट बंद करा, नाहीतर कुशीवर झोपून बघताना चित्र उलटसुलट फिरत राहतं.

सगळ्यात जास्त मेहनत पलंगावरून उठण्याच्या क्लिपवर घ्या. एकदा बाजूने आणि एकदा पलंगाच्या पायथ्याकडून चित्रीकरण करा. पलंगाच्या कडेजवळ सरका, गुडघे दुमडा, खांदा आणि कंबर एकाच वेळी वळवून कुशीवर या. मग पाय खाली सोडता सोडता खालचं कोपर आणि वरच्या हाताचा तळवा पलंगावर रेटा. पायांच्या वजनानेच धड वर यायला मदत होते. चूक कुठे होते तेही दाखवा: खांदा आधी वळतो, कंबर मागे राहते आणि पाठीला पीळ बसतो. पायथ्याकडून घेतलेल्या चित्रातच हे नीट दिसतं. दुसरी चूक नातेवाइकांची. ते प्रेमाने हात धरून ओढतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी क्लिप हवी. (निवेदनात 'गादीवर जोर द्या' म्हणू नका. रुग्णाच्या लेखी गादी म्हणजे जिचं ऑपरेशन झालं ती!)

वजनाची मर्यादा नुसती किलोत सांगून कळत नाही. 15 लिटरची भरलेली बादली म्हणजे 15 किलो, हे पडद्यावर दिसू दे. शेजारी ओल्या चादरींचा पिळा, गव्हाचा डबा, कडेवर यायला हट्ट करणारं नातवंड. आकडा मात्र प्रोग्राममध्ये कायमचा कोरू नका. वजन, कमरेचा पट्टा, बसण्याची वेळ, गाडी चालवणं या गोष्टी सर्जननुसार बदलतात, आणि मणक्यात स्क्रू-रॉड घातलेल्या रुग्णाचे नियम नुसती गादी काढलेल्यापेक्षा वेगळे असतात. हे रकाने डिस्चार्जच्या वेळी भरता आले पाहिजेत. टॅब एक सांगतो आणि डॉक्टर दुसरं, असं एकदा झालं की रुग्ण दोघांचंही ऐकत नाही.

घरी कसं वागायचं त्या भागात कमोड खुर्ची दाखवाच, बैठ्या संडासावर कंबर पूर्ण दुमडते. ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतो, तेव्हा पाणी भरपूर प्यावं आणि कुंथू नये, हेही स्पष्ट सांगा.

धोक्याच्या खुणांसाठी प्रत्येक पडद्यावर लाल बटण ठेवा. लघवी-संडासच्या जागेभोवती बधिरपणा, लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, संडासवरचा ताबा जाणं, पाऊल उचलता न येणं: यातलं काहीही झालं तर रात्र असो वा पहाट, तडक हॉस्पिटल. जखमेतून पू किंवा पाण्यासारखा स्राव, उठून बसल्यावर वाढणारी डोकेदुखी, ताप, एका पोटरीला सूज आणि दुखणं: त्याच दिवशी फोन. इथे लाजून गुळगुळीत शब्द वापरू नका, रुग्ण घरात बोलतो तेच वापरा.

पहिल्यांदा हे सगळं ऑपरेशनच्या आधी दाखवा. नंतर भुलीच्या आणि वेदनाशामकांच्या गुंगीत काही डोक्यात राहत नाही. डिस्चार्जच्या दिवशी पुन्हा दाखवा, आणि घरी नेटशिवाय चालेल अशी प्रत मोबाईलवर द्या. पाच प्रश्नांची चाचणी बहुतेक वेळा मुलगाच सोडवतो. त्याऐवजी सिस्टरांनी 'घरी कसं उठाल ते करून दाखवा' म्हणावं आणि नीट जमल्यावरच टॅबवर खूण करावी. कोणती क्लिप किती वेळा उघडली याची नोंदही ठेवा. उठण्याची क्लिप रात्रीत तीनदा उघडलेली दिसली, तर सकाळच्या राऊंडला पहिला प्रश्न त्याचाच विचारा.