खालच्या फ्लँजला कोण धरणार?

प्रिय लेकरा,
अनेक आशीर्वाद.

जालन्याच्या शेडचं तुझं ड्रॉइंग सावकाश पाहिलं. राफ्टरवर, म्हणजे छताच्या तिरक्या मुख्य तुळईवर, दर दीड मीटरला पर्लिन (पत्रा ज्यावर बसतो तो आडवा दांडा) आहे, म्हणून राफ्टर धरलेला आहे असं तू गृहीत धरलंस. पर्लिननं धरलाय फक्त वरचा फ्लँज, म्हणजे आय-आकाराच्या राफ्टरची वरची आडवी पट्टी. पत्र्याचा भार खाली येतो तेव्हा मधल्या भागात तोच दाबात असतो, तोवर ठीक. दाबातला फ्लँज आडवा सटकू बघतो, ताणातला जागा सोडत नाही आणि राफ्टर पिळवटतो. लॅटरल टॉर्शनल बकलिंग ते हेच.

पण वळवाचा वारा आपल्याकडे कसा सुटतो ते तू लहानपणापासून बघतोस. जालन्याजवळच्या छत्रपती संभाजीनगरसाठी आय.एस. 875 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूळ वेग 39 मीटर प्रति सेकंद आहे. वाऱ्याचा दाब 0.6 गुणिले 39 चा वर्ग, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 913 न्यूटन, तेही गुणक लावायच्या आधी. पत्रा आणि पर्लिन मिळून वजन चौरस मीटरला साधारण 150 न्यूटन. छप्पर वर उचललं गेलं की मोमेंट (राफ्टरला वाकवणारा जोर) उलटतो आणि खालचा फ्लँज दाबात येतो. त्याला तुझ्या ड्रॉइंगात कुणीच धरलेलं नाही. खांबाजवळ हाँचपाशी, म्हणजे राफ्टर खांबाला मिळतो तिथल्या खोल भागात, तर नुसत्या वजनाखालीही तोच दाबात असतो.

तू म्हणशील, वरचा धरल्याचा काहीतरी फायदा असेलच. आहे, पण किती ते बघ. ताणातला फ्लँज धरला की सेक्शनला त्याच्याभोवतीच फिरावं लागतं, आणि जास्तीची ताकद येते ती फक्त सेक्शनच्या पिळाला असलेल्या विरोधातून, म्हणजे जीजेमधून (पिळाचा कडकपणा, सूत्रातला GJ). जाड रोल्ड सेक्शनला (गिरणीत लाटून केलेल्या तुळईला) ती थोडी मिळते. पीईबीच्या (कारखान्यात तयार करून आणलेल्या पोलादी इमारतीच्या) खोल, पातळ प्लेटच्या राफ्टरला जवळजवळ नाहीच. तिथं दाबातला फ्लँज एकटाच लांब खांबासारखा बकल होतो. एकसारखा मोमेंट धरून वरचा फ्लँज धरलेला आणि न धरलेला, अशी दोन्ही सूत्रं एकदा हातानं मांड. माझ्या मते सॉफ्टवेअर उघडण्याआधी हे प्रत्येकानं करावं.

उपाय स्वस्त आहे: फ्लाय ब्रेसिंग. पर्लिनपासून खालच्या फ्लँजपर्यंत तिरका 50×50×6 चा अँगल, दोन्ही टोकांना बोल्ट. मोकळी लांबी निम्मी केली की अशा पातळ सेक्शनची बकलिंग क्षमता जवळजवळ चौपट होते. पोलादी बांधकामाच्या आय.एस. 800 या मानकाप्रमाणे दाबातल्या फ्लँजमधल्या कमाल बलाच्या 2.5 टक्के आडवं बल ब्रेसिंगनं पेललं पाहिजे. ते बल पर्लिनमधून छताच्या आडव्या ब्रेसिंगपर्यंत पोचतंय का, हेही तपास; नाहीतर सगळे राफ्टर मिळून एकाच बाजूला कलतील.

साइटवर फिटर हे अँगल शेवटी लावू म्हणतात आणि पत्रे चढले की राहूनच जातात. पुढं कुणीतरी केबल ट्रेसाठी एखादा कापतो. पत्रे चढवू देण्याआधी स्वतः वर जाऊन एकेक बोल्ट बघ.

आता वाऱ्याच्या केससाठी खालच्या फ्लँजची मोकळी लांबी वेगळी टाक, पहिला ब्रेस हाँच संपतो तिथं दे, आणि ड्रॉइंग परत पाठव.

तुझा,
काका