जुनी गाडी, घरचं गॅरेज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे १९८८ ची पेट्रोल ॲम्बेसेडर (१४८९ सीसी) आहे. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते. पण उन्हाळ्यात वीस-पंचवीस किलोमीटर चालवून दहा मिनिटं थांबलं, की पुन्हा उठत नाही. अर्ध्या तासानं आपोआप सुरू होते. एक मिस्त्री कॉइल बदला म्हणतो, दुसरा कार्बोरेटर. तिसरा सगळा दोष इथेनॉलच्या पेट्रोलवर ढकलतो. कुणाचं ऐकू? (एक वाचक, सांगली)

उत्तर : सध्या कुणाचंच नको. आधी पाच मिनिटांची तपासणी करा, आणि ती गाडी अडून बसलेली असतानाच करा. थंड झाल्यावर सगळंच ठीक दिसतं आणि मग अंदाजपंचे सामान बदललं जातं.

पहिल्यांदा करंट बघा. एअर फिल्टर जागेवर असू द्या, पेट्रोलचा पाइप सुटलेला नसावा. डेल्कोच्या (प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) टोपीतली मधली जाड वायर काढा, कोरड्या रबरी मुठीच्या पकडीनं धरून इंजिनाच्या लोखंडापासून ५-६ मिलिमीटरवर ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, टचटच आवाज करणारी ठिणगी पडली तर कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) निर्दोष. ठिणगी पिवळी, बारीक किंवा अधूनमधून पडणारी असेल तर दोष करंटचाच. तेव्हा कॉइलच्या आधी कंडेन्सर बदलून बघा. तो स्वस्त असतो, आणि गरम झाल्यावर दगा देणं ही त्याची जुनी खोड आहे. पॉइंट (डेल्कोतले करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) जळून निळे-काळे पडले असतील तर संशय आणखी पक्का. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटरवर आणि प्लगची ०.६० ते ०.६५ वर फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) लावा. पोस्टकार्डाच्या जाडीनं लावायची पद्धत आता सोडून द्या. बॅलास्ट रेझिस्टन्स (कॉइलच्या वायरीत जोडलेला वेगळा रेझिस्टर) नसलेल्या बारा व्होल्टच्या कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स साधारण ३ ओहम भरतो. तोही कॉइल गरम असतानाच मोजा.

ठिणगी चांगली असेल तर इग्निशन बंद करा, एअर फिल्टर काढा, कार्बोरेटरच्या तोंडात बॅटरी मारा आणि हातानं थ्रॉटल झटक्यात उघडा. आत पेट्रोलची पिचकारी उडते का ते बघायचं.

पिचकारी उडाली, उग्र वास येतोय, प्लग काढल्यावर ओले निघाले, तर पेट्रोल कमी नाही, जास्त झालंय. फ्लोटच्या वाटीतलं (कार्बोरेटरमधल्या छोट्या साठ्यातलं) पेट्रोल उकळून जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकातून) मॅनिफोल्डमध्ये (इंजिनाला जोडलेल्या नळ्यांत) सांडलेलं असतं. अशा वेळी चोक अजिबात ओढू नका. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. पाय पुन्हा पुन्हा मारलात तर प्रत्येक दाबाला ॲक्सिलरेटर पंप आणखी पेट्रोल ओततो.

पिचकारीच उडाली नाही तर वाटी रिकामी आहे, म्हणजे पंपात किंवा पाइपात वाफ अडकलीय. पंपावर आणि पाइपावर ओलं फडकं ठेवा, पाच-सात मिनिटांत पेट्रोल चढेल. पाणी एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर मात्र पडू देऊ नका, तापलेलं बीड तडकतं. फडक्यानंही चढलं नाही तर पंपाचा डायफ्रॅम आणि आतले व्हॉल्व्ह तपासावे लागतील. इंजिन थंड होऊ द्या, कॉइलची वायर काढून ठेवा, पंपाचा बाहेर जाणारा पाइप बाटलीत सोडा आणि सेल्फ मारा. जोरदार ठोके पडायला हवेत. नुसती धार गळत असेल तर पंप दमलाय.

हे गाडी चालताना होत नाही आणि थांबल्यावरच होतं, त्याचं कारण या इंजिनाच्या रचनेत आहे. इनलेट आणि एक्झॉस्ट, दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत आणि कार्बोरेटर जवळजवळ एक्झॉस्टच्या डोक्यावर बसतो. गाडी चालू असते तोवर पंख्याचा वारा आणि टाकीतून येणारं गार पेट्रोल त्याला सांभाळतात. इंजिन बंद केलं की दोन्ही थांबतात, पण खालची उष्णता वर चढतच राहते. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं हे खरं. मात्र ते पेट्रोलच्या हलक्या भागाशी मिसळलं की ७० अंशांपर्यंत उडून जाणारा भाग साध्या पेट्रोलपेक्षा वाढतो. म्हणून जी गाडी पूर्वी एप्रिल-मेमध्ये कशीबशी निभावून न्यायची, ती आता अडते. तिसऱ्या मिस्त्रीचं म्हणणं एवढ्यापुरतं बरोबर.

उपाय साधे आहेत. कार्बोरेटरखाली बेकलाइटचा जाड ठोकळा आहे का ते बघा. बऱ्याच गाड्यांतून तो कधीतरी तुटून गेलेला असतो आणि त्या जागी नुसतं कागदी गॅस्केट बसवलेलं सापडतं. ठोकळा नवा बसवलात तर स्टड पुरेसे लांब आहेत याची खात्री करा. कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट यांच्यामध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची ढाल बसवा, ती दोघांनाही चिकटू देऊ नका. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून निदान चार-पाच सेंटिमीटर लांबून न्या. वाटीतल्या पेट्रोलची पातळी जास्त असेल तर सुई-व्हॉल्व्ह बदला.

इथेनॉलचा खरा त्रास रबराला होतो. जुना रबरी पाइप आतून फुगतो, मऊ पडतो आणि बाहेरून धडधाकट दिसतो. ‘एसएई जे३० आर९’ असा छाप असलेला पाइप घ्या. काचेसारखा पारदर्शक प्लास्टिकचा पाइप इंजिनाजवळ कधीच लावू नये. पंपाचं किटही इथेनॉल चालणारं मागा. वर्षानुवर्षं टाकीत बसलेला गाळ इथेनॉल सोडवतं, त्यामुळे पाइप बदलल्यावर पहिल्या पाचशे किलोमीटरांत फिल्टर दोनदा बदलावा लागला तर दचकू नका. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. अर्ध्या टाकीतली हवा ओल आणते, इथेनॉल ती पितं, आणि प्रमाणाबाहेर झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरतात. वाटीत पांढरी भुकटी सापडली तर हेच झालंय असं समजा.

राहिला जेट मोठा करायचा प्रश्न. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण १३.६. म्हणजे आकारमानानं जवळपास सात टक्के जास्त पेट्रोल द्यायला हवं, आणि भोकाचं क्षेत्रफळ सात टक्के वाढवायला व्यास साडेतीन टक्के पुरतो. सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरचे शतांश सांगतो, तेव्हा १२० चा असेल तर १२५ पर्यंत जावं लागेल, त्यापुढे नाही. तेही गाडी चढावर आचके देत असेल, चोक थोडा ओढल्यावर सुधारत असेल, तरच. जेट ड्रिलनं मोठा करू नका आणि तारेनं टोचून साफही करू नका, भोकाची गोलाई बिघडली की आकड्याला अर्थ उरत नाही.

प्रश्न : १९९८ च्या मारुती ८०० चा ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून भोक पडलंय. गॅरेजवाला वरून फायबर मारून देतो म्हणतो. टिकेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : दिसायला टिकेल. खाली गंज चालूच राहील, आणि फायबरच्या आड पाणी धरून ठेवायला त्याला आयती जागा मिळेल. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याची पेटी हीच तिची ताकद. म्हणून कार्पेट काढा आणि जाड स्क्रू ड्रायव्हरनं भोकाभोवती सगळीकडे दाबून बघा. जिथं पत्रा पापडासारखा मोडतो तिथंपर्यंत तो गेलेला आहे. दाराखालची उंबऱ्याची पेटी किंवा सीटचे आणि मागच्या सस्पेन्शनचे आधार असे मोडत असतील तर ते काम घरी करायचं नाही.

भोक बुजवण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात हाच प्रश्न पुन्हा पाठवाल. एकानं आत बॅटरी घेऊन बसावं, दुसऱ्यानं बाहेरून नळीनं पाणी सोडावं. आधी दारावर, मग पुढच्या काचेच्या रबरावर, शेवटी बॉनेटमागच्या जाळीवर, प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. दाराच्या तळाची भोकं चिखलानं बुजलेली असतील तर तारेनं मोकळी करा.

कापताना चकाकता, निरोगी पत्रा लागेपर्यंत कापा. ठिगळ २० गेजचं (सुमारे ०.९ मिलिमीटर) सीआरसीए (जस्त नसलेल्या साध्या पोलादी) पत्र्याचं घ्या आणि चारी बाजूंनी २०-२५ मिलिमीटर चढतं ठेवा. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा नको, वेल्डिंगच्या उष्णतेनं जस्ताचा धूर होतो आणि तो फुप्फुसाला वाईट. वेल्डिंग सीओटूचं हवं. गॅसच्या आचेनं एवढा पातळ पत्रा पोपडा धरल्यासारखा वाकतो. एका दमात रेघ न ओढता टाके घाला, एक या टोकाला तर दुसरा त्या. त्याआधी बॅटरीची दोन्ही टोकं काढा, आणि फरशीखालून जाणारे पेट्रोलचे व ब्रेकचे पाइप बाजूला घ्या. टाकी उतरवायचा कंटाळा करू नका, रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याची. चढत्या कडांच्या आत झिंकचा वेल्डिंग प्रायमर, वेल्ड झाल्यावर सांध्यांवर सीम सीलर, मग दोन्ही बाजूंनी इपॉक्सी प्रायमर, रंग आणि शेवटी खालून मेणाचं अंडरकोट. नुसता रेड ऑक्साइड हवा-पाणी पुरता अडवत नाही, आणि गंजावर थापलेलं डांबरी अंडरकोट गंजालाच पांघरूण घालतं.

कोकणात हे सगळं दिवाळीनंतर करा. ओल्या हवेत घासलेला पत्रा संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबडा होतो.

प्रश्न : ब्रेक पहिल्या दाबाला खाली जातो, लगेच दुसऱ्यांदा दाबला की वर आणि घट्ट. ऑइल कमी होत नाही. हवा काढून झाली, फरक नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हवा असती तर पेडल स्पंजासारखं लिबलिबीत लागलं असतं. तुमचं घट्ट लागतंय, म्हणजे मागचे ब्रेक शू ड्रमपासून लांब गेलेत आणि पहिला दाब ते अंतर भरण्यातच संपतो. गाडीच्या पुढच्या चाकांना ओट द्या, मागची बाजू उचलून स्टँडवर घ्या (विटांवर कधीच नको, वीट न सांगता फुटते), हँडब्रेक सोडा आणि ड्रम काढा. ॲडजस्टर जाम असतो, तो सोडवून साफ करा. ड्रमला कड पडली असेल तर खराद्याकडून किती घासायला शिल्लक आहे ते आधी मोजून घ्या, कमाल व्यास बहुतेक ड्रमवरच कोरलेला असतो. व्हील सिलिंडरचं रबर उचलून बघा, आत ओल दिसली तर दोन्ही बाजूंचं किट एकदम बदला. भुकटी कॉम्प्रेसरनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं; ओल्या फडक्यानं पुसा. ऑइल सीलबंद डब्यातलंच, आणि दर दोन वर्षांनी बदलायचं. त्यात कोणी इंजिन ऑइल ओतलं असेल तर सगळी रबरं फुगतात आणि सगळीच बदलावी लागतात.

प्रश्न : जुन्या गाडीचे हेडलाइट मिणमिणतात. १००/९० वॅटचे बल्ब टाकू का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नको. आहेत त्या ६०/५५ लाच पूर्ण व्होल्टेज मिळत नाही. इंजिन किंचित रेस ठेवून बॅटरीवर मोजा, १३.८ ते १४.४ यायला हवेत. मग दिवे लावून बल्बच्या पिनांवर मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर तो वायर, स्विच आणि अर्थिंगमध्ये मुरतोय. व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड जवळपास तीस टक्के घटतो, म्हणून एवढाशा फरकाचं मिणमिणणं एवढं दिसतं. दोन्ही दिवे मिळून १० ॲम्पिअरच्या आसपास ओढतात आणि तो सगळा भार जुन्या स्विचमधून जातो. १००/९० बल्बनं भार सतरापर्यंत जाऊन आधी स्विच वितळेल, मागोमाग रिफ्लेक्टर.

डिपर आणि फुल लाइटला एकेक रिले (थोड्या करंटवर मोठा भार चालू-बंद करणारा स्विच) लावा. बॅटरीपासून २० ॲम्पिअरच्या फ्यूजमधून २.५ चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या पिन ३० ला, ८७ दिव्याकडे, जुन्या स्विचची वायर ८६ ला, ८५ बॉडीला. फ्यूज बॅटरीजवळच हवा. दिव्यांच्या अर्थिंगची जागा रंग खरवडून लख्ख करा; बऱ्याचदा निम्मं काम तिथंच भागतं.

प्रश्न : मारुती ८०० ला मोठं इंजिन आणि तेरा इंची चाकं बसवायची आहेत. आरटीओ अडवेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : इंजिनाबाबत, हो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन बदलायचं असलं तरी परवानगी आणि आरसीवर नवा इंजिन नंबर लागतो. तो नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी पहिलं बोट तिथंच ठेवते.

चाकांचं गणित तुम्हीच करून बघा. गाडीच्या मूळ १४५/७० आर१२ टायरचा व्यास साधारण ५०८ मिलिमीटर, तेरा इंची १५५/६५ आर१३ चा ५३२. म्हणजे पावणेपाच टक्के मोठा. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४ च्या आसपास असेल, चढावर पिकअप मरेल, आणि भरल्या गाडीत वळताना टायर मडगार्डला घासेल. रुंदीच हवी असेल तर नॅनोच्या मागच्या चाकाचा १५५/६५ आर१२ व्यासानं ५०६ भरतो. रिमची रुंदी त्याला पुरते का, हे मात्र टायरवाल्याकडून आधी मोजून घ्या.